तुमच्या नावानं लावलेली धार

आबा, पाहुणे गेले. शेवटी राहिलेली तुमची बारामतीची बहीण काल सकाळच्या एसटीनं गेली, आणि घरात पहिल्यांदाच चहाचं पातेलं दिवसातून दोनदाच चढलं. सतरा दिवस मी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते. कसं झालं, कधी झालं, शेवटी काय बोलले. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालंय की आता माझं मलाच खरं वाटत नाही. पाठ दुखते. त्या दिवसांत रडायचंही राहून गेलं होतं, कारण जरा डोळ्याला पदर लावला की कुणीतरी दारात चपला काढायचं आणि मी पाणी आणायला उठायची.

म्हणून आज दुपारी वही घेऊन बसले. तुम्ही म्हणायचा, "मंगल, तू लय बोलतीस." आता लिहिते. मधे तोडायची सोय तुम्हाला राहिलेली नाही, याचा थोडा फायदा घेते.

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वर्षभरही टिकेल असं वाटत नाही. बाहेर बोलावलं खरं, पण दार सताड उघडं होतं. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात. भवानीनगर गेलं, लासुर्णे गेलं. सासऱ्याला सुनेनं धीर कसा द्यायचा, याचे शब्द मी मनात जुळवत होते. निमगावच्या अलीकडं तुम्ही एकदम विचारलंत,

"मंगल, तुजी नजर कशी हाय?"

"चांगली हाय की, आबा."

"सुईत दोरा पयल्या झटक्यात जातो?"

"जातो."

"बरं झालं," म्हणालात आणि डोळे मिटून घेतलेत. मला केवढं भरून आलं! स्वतःचे डोळे चाललेत आणि माणूस सुनेच्या नजरेची काळजी करतोय. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तुम्ही माझ्या हातात करवतीला धार लावायची तिकोनी कानस ठेवलीत, तेव्हा कळलं की काळजी कशाची होती.

तुमच्या लेकाकडं ती कानस जाण्याचा प्रश्नच नव्हता. हे साखर कारखान्यात फिटर, आणि लाकडाच्या भुशानं यांना लहानपणापासून शिंका येतात. तुमचं स्वतःचं सुतारकाम तर केव्हाच सुटलं होतं. घरोघरी प्लायवूड आलं, गिरणीत कापलेल्या फळ्या आल्या. पण जुनी करवत जिवासारखी जपणारे मिस्त्री तालुक्यात अजून होते, आणि त्यांना धार तुमचीच लागायची. नव्या करवतींचे दाते इतके कडक की कानस वरून नुसती घसरते. बोथट झाली की टाकून द्या आणि दुसरी आणा. जुनीचं पोलाद मात्र कानशीचं ऐकतं. कुणाच्या आज्याची, कुणाच्या चुलत्याची, पातं झिजून झिजून चार बोटं उरलेलं, मूठ दोनदा बदललेली, अशा करवती गोणपाटात गुंडाळून माणसं इंदापूरला तुमच्याकडं घेऊन यायची.

मला शिकायला तुम्ही आपल्याच घरातली, सरपण कापायची गंजकी करवत दिलीत. दोन फळ्यांच्या चिमट्यात ती उलटी आवळायची, दाते वर. आधी सपाट कानस सगळ्या दात्यांच्या टोकांवरून एकदा सरळ फिरवायची, म्हणजे उंच दाते खाली येतात आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर एक बारीक चमकता ठिपका उमटतो. मग तिकोनी कानस दोन दात्यांच्या मधल्या घळीत धरायची आणि तो ठिपका जाईपर्यंतच घासायचं. ठिपका गेला की हात थांबला पाहिजे. एक घासा जास्त झाला की दाता बुटका, आणि बुटका दाता म्हणजे फुकट खाऊन बसलेला माणूस, हे तुमचे शब्द. एक आड एक दाते एका बाजूनं, मग करवत फिरवून उरलेले दुसऱ्या बाजूनं. शेवटी पकडीनं एक दाता उजवीकडं, एक डावीकडं किंचित झुकवायचा.

हे असं चार ओळींत लिहिलं की सोपं वाटतं. मला चार महिने लागले. तुम्ही भिंतीशी बाजेवर पडलेले, तोंड छताकडं, आणि मी खाली बसून घासतेय. तुम्हाला तोवर माणूस म्हणजे नुसता काळा आकार दिसायचा, ठिपका कुठला दिसायला! पण कान. अहो, काय कान होते तुमचे. करवत चिमट्यात जरा सैल असली की कानस किंचाळते. ती किंचाळायच्या आधीच तुमचा आवाज यायचा, "आवळ." मी कानस दाबून परत ओढली की, "उचल. जाताना काम, येताना मोकळी. परत वढलीस तर कानस मरती." आणि एकदा मी कंटाळून भराभर हात चालवला तर म्हणालात, "चपाती लाटल्यावानी करू नगं. चपाती बी तुजी कुटं गोल अस्ती!"

मी कानस खाली टाकली. म्हटलं, "मग करा की तुमीच." आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली. तुम्ही कूस बदललीत. मी कानस उचलली आणि पुढच्या घळीत ठेवली. त्या दिवशी मी आठ दाते केले आणि आठही नीट झाले, हे तुम्ही बोटानं चाचपून बघितलंत, तरी तोंडातून चकार शब्द नाही.

तसे तुम्ही कौतुकाच्या बाबतीत चिक्कूच. धार झाली की दाते एक आड एक उजवीकडं-डावीकडं किंचित झुकलेले असतात, मधे एक बारीक पन्हळ तयार होते. तुम्ही माझ्या शिवणाच्या डब्यातली सुई मागून घ्यायचा, ती त्या पन्हळीत ठेवायचा आणि करवत तिरकी धरायचा. सुई मुठीपासून टोकापर्यंत न अडकता घसरत गेली पाहिजे. पहिल्यांदा माझी सुई मधेच अडून खाली पडली, तीन वेळा पडली. चौथ्यांदा ती गेली, थेट टोकापर्यंत, आणि तुमच्या तळहातावर पडली. मी वाट बघत राहिले. तुम्ही सुई मला परत दिलीत आणि म्हणालात, "डब्यात ठेव, न्हायतर पोरांच्या पायात जायची."

पण एका दुपारी मी एक अख्खी करवत एका बैठकीत केली आणि तुमच्याकडून एकही शब्द आला नाही. ना आवळ, ना उचल. मान वर करून बघितलं तर तुम्हाला झोप लागली होती. कानशीच्या आवाजात तुम्हाला झोप लागली, म्हणजे त्या आवाजात खटकण्यासारखं काही नव्हतं. मी तेच प्रशस्तिपत्र समजले. कुणाला दाखवता येत नाही असलं, पण आहे माझ्याकडं.

आता भांडणाकडं येते, आबा. ते सोडून पुढं जाता येणार नाही.

करवत घेऊन कुणी आलं की तुम्ही ती मांडीवर घ्यायचा, अंगठा फिरवायचा, "उद्या या" म्हणायचा. दुपारी गल्ली निवांत झाली की मी आतल्या खोलीत ती करायची. आणि दुसऱ्या दिवशी माणूस यायच्या वेळेला तुम्ही चिमट्याखाली सांडलेल्या लोखंडाच्या भुग्यात बोटं बुडवायचा, दोन्ही हातांची, आणि धोतरावरही थोडा चोळायचा. माणूस आला की त्या काळ्या बोटांनी करवत पुढं करायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा राग आला. नंतर मी त्या वेळेला स्वयंपाकघरातच थांबायला लागले, कारण बघवेना. धोतर धुवायचं ते मीच धुवायची, ते वेगळं.

बाहेरून आवाज यायचा, "आबा, हाताला तोड न्हाय तुमच्या." आणि तुमचा आवाज, "चाललंय आपलं." आत मी भाकरी थापत असायची.

मग सोपाननानांची करवत आली. पळसदेवचे सोपाननाना, धरणाच्या पाण्यात मासे धरणाऱ्यांच्या होड्या बांधणारे. मी त्यांची करवत सुंदर केली, सुई पाण्यासारखी गेली. तीन दिवसांनी ते करवत घेऊन परत आले, आणि दारात चार माणसं बसलेली असताना म्हणाले, "आबा, ही लाकडात जाती आन जाम होऊन बसती. दोगांनी वढली तरी निगंना." माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. झालं काय ते तिथंच कळलं. होडीचं लाकूड ओलं. ओल्या लाकडाला दाते जास्त बाहेर झुकवावे लागतात, म्हणजे कापाला रुंदी मिळते. मी ती दारं-खिडक्यांच्या वाळक्या लाकडासारखी बारीक केली होती.

तुम्ही क्षणभर थांबला नाहीत. "चूक माजी हाय, नाना. ठिवून जावा." एवढंच. ना डोळ्यांचं निमित्त, ना वयाचं.

ते गेल्यावर मी बाहेर आले. वाटलं, आता माझी खरडपट्टी. तर तुम्ही म्हणालात, "लाकूड वलं का वाळलं, त्ये इचारायचं काम माजं. मी इचारलं न्हाय. तुजी चूक न्हाय ती." खरंच तसं होतं, आणि तुम्ही ते सरळ कबूल केलंत. त्या घटकेला मी तुमच्या पायाशी बसून गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हटलं,

"चूक झाली तरी तुमची, चांगलं झालं तरी तुमचं. मग आबा, माजं काय?"

"तुजं? हात हाय की तुजा."

"त्यो कुणाला दिसतोय?"

"मला म्हाईत हाय न्हवं."

"तुमाला म्हाईत असून काय उपेग? बाहेर म्हना की येकदा. सूनबाय लावती म्हना."

मग तुम्ही नेहमीचं सुरू केलंत. बाईनं लावलेली धार म्हटल्यावर कोण आणेल, माणसं नावानं येतात, दोन-चार वर्षं जाऊ दे. मी म्हटलं, नाही आणली तर नाही आणली. तुम्ही आवाज चढवलात, मी चढवला. सुनेनं सासऱ्यापुढं इतका आवाज चढवलेला शेजारणीनं पहिल्यांदाच ऐकला असेल. शेवटी तुम्ही बाजेच्या काठावर दोन्ही हात टेकून म्हणालात,

"डोळं गेलं त्ये समद्या गावानं बघितलं. आता हात बी गेला म्हनून सांगू व्हय?"

मी आत गेले आणि नानांची करवत चिमट्यात आवळली. पण भांडण मिटलं नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. चार वर्षं ते घरात राहिलं. कधी मी दोन दिवस कानस हातात घ्यायची नाही, कधी तुम्ही जेवताना बोलायचा नाहीत. हे मधे पडायचे, "अगं, म्हातारं मानूस हाय, सोड की." सोड म्हणणाऱ्याला सोपं असतं. म्हातारा माणूस हे कारण मला इतक्या वेळा इतक्या जणांनी दिलं की मला वाटायला लागलं, कधी एकदा मी म्हातारी होते.

आणि तरी, आबा, खरं सांगते. सकाळची धुणीभांडी, डबे, पोरांच्या शाळा हे सगळं उरकून त्या दुपारच्या दोन तासांची मी वाट बघायची. त्या दोन तासांत मला कुणी पाणी मागायचं नाही. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मला कुणी काही शिकवलं नव्हतं. कर म्हणून सांगणारे पुष्कळ होते. "आसं का, त्ये समजून घे" म्हणणारे तुम्ही एकटे. तुमचे उपकार आहेत माझ्यावर. ते मी तुम्हाला कधी म्हटले नाहीत, कारण म्हटले असते तर भांडणात माझी बाजू पडली असती.

यंदा थंडीत तुम्ही अंथरूण धरलंत. शेवटच्या आठवड्यात एकदा खुणेनं करवत मागितलीत. मी नुकतीच केलेली मांडीवर ठेवली. अंगठा सावकाश दात्यांवरून गेला, मुठीकडून टोकाकडं. आता तरी म्हणतील, असं वाटत होतं. काय म्हणतील ते मीच मनात म्हणून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "मुठीकडनं तेविसावा जरा उंच हाय." मला इतका राग आला की मी करवत उचलून आत नेली. मग उजेडात धरून मोजलं. तेविसाव्यावर ठिपका होता. मी एक घासा मारला, तो गेला. बाहेर येऊन सांगितलं, "झाला बरूबर." तुम्ही मान हलवलीत. कामाबद्दल आपलं बोलणं ते तेवढंच, शेवटचं.

नरसिंहपूरला संगमावर तुमच्या अस्थी सोडल्या. दहाव्याला घराच्या पुढं माणूस मावत नव्हता. एक जण उभे राहून बोलले, "आबांचे डोळे गेले, पण हात शेवटपर्यंत गेला नाही. अंधपणात करवतीला धार लावणारा माणूस पुन्हा होणे नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. यांनी खाली बघितलं. मी चार वर्षं ठरवलं होतं की एक दिवस चारचौघांत सांगेन. चारचौघं काय, चारशे होते. बायकांमधून नुसतं उठून उभं राहायचं होतं. मी उठले नाही. हा मोठेपणा वगैरे नव्हे, कृपा करून तसं समजू नका. मी दमले होते, आणि उलट उत्तर द्यायला तुम्ही नव्हता. तुमच्यामागं तुमच्याशी भांडून जिंकण्यात काय आहे?

माणसं पांगल्यावर सोपाननाना मागे थांबले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वैनी, काम बंद नका करू."

मी म्हटलं, "कसलं काम?"

"धारंचं. तुमच्या."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. म्हटलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. माजी करवत जाम झाली न्हवं का, तवाच कळलं. आबा आन वल्या लाकडाला आसली धार लावत्याल? जन्मात न्हाय. हिकडं करवत देनाऱ्या समद्यास्नी म्हाईत हाय."

"मग चार वर्सात कुणी येक शब्द का बोललं न्हाय?"

नाना चपला घालता घालता म्हणाले, "आवो, आबा म्होरंच बसल्यालं असायचं की."

म्हणजे बघा. तुम्ही बोटं काळी करत होता, मी आत दात-ओठ खात होते, आणि बाहेर बसलेली माणसं तुमची बोटं बघून 'हाताला तोड नाही' म्हणत होती, तुमच्यासाठी. सगळा तालुका तुमचा मान सांभाळत होता आणि मी समजत होते की ते ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर आहे. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. लोकांना माहीत असण्यानं माझं समाधान होईल असं मला चार वर्षं वाटत होतं, ते चुकीचं निघालं. मला ते तुमच्या तोंडून हवं होतं, आबा. एकदा, एकाच माणसासमोर, कुणीही चाललं असतं. "ही हिनं केली." तीन शब्द. तुम्हाला इतके का जड गेले ते मला समजतं, पूर्ण समजतं, आणि तरी राग जात नाही. दोन्ही एका वेळी असू शकतं, हे मला तुमच्या घरात येऊन कळलं.

काल तुमची बहीण गेल्यावर मी दारापुढचा ओटा धूत होते. दारात एक माणूस उभा राहिला. बारामतीच्या पलीकडून, सोमेश्वरनगरकडून आलेला, दोन एसट्या बदलून. काखेत गोणपाटाची गुंडाळी. ओळखीचा नव्हता. कुणीतरी पत्ता दिला म्हणाला.

"आबा मिस्त्री हितंच ऱ्हात्यात न्हवं? करवतीला धार लावायची हुती."

हे कामावर गेले होते. शेजारी कुणी नव्हतं. पुढं तुम्ही बसलेले नव्हता. या माणसाला काही माहीत नव्हतं, कुणाचा मान राखायचा नव्हता, आणि त्याच्यासमोर मला जे सांगायचं होतं ते चार वर्षं घोकून तयार होतं. तोंड उघडलं तर ते आलंच नाही. त्याच्या आधी दुसरं सांगावं लागत होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे सांगता येत नव्हतं. सतरा दिवस घरच्यांना, पाहुण्यांना, गावाला सांगताना जे जमलं होतं, ते या परक्या माणसासमोर जमेना. मी पदराला हात पुसले. मग पुसलेलेच परत पुसले.

"आबा गेले," मी म्हटलं. "धार मी लावते."

आणि मग, आबा, तो बिचारा गुंडाळी हातात धरून उभा असताना, मी तिथं ओल्या ओट्यावर बसले आणि पोटभर रडले.